नऊ वर्षांचं खातं एका सकाळी गायब, आणि कारण सांगायला कुणी नाही

दगडधोंडे | ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. मी इथे फारसा लिहीत नाही, वाचत असतो. आज रडगाणं घेऊन आलोय, सांभाळून घ्या.

गेल्या मंगळवारी सकाळी चहा गाळला, फोन हातात घेतला, तर माझं फोटोंचं खातं बंद. स्क्रीनवर एकच वाक्य: तुमचे खाते आमच्या समुदाय मानकांचे पालन करत नाही. कुठलं मानक, कुठली पोस्ट, कुणी तक्रार केली, काही नाही. खाली एक निळं बटण. दाबलं. मोबाइल नंबर, ओटीपी, मग म्हणे चेहरा दाखवा. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, वर बघा. बासष्टाव्या वर्षी मी स्वयंपाकघरात बनियनवर उभा राहून फोनपुढे मान हलवत होतो आणि बायको विचारत होती, मान धरली का? सात मिनिटांत निकाल आला. आम्ही पुनरावलोकन केलं, निर्णय कायम, यापुढे दाद मागता येणार नाही. सात मिनिटांत माझ्या दोन हजार फोटोंचं पुनरावलोकन झालं!

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. आधीच जखम आहे, त्यावर मीठ नको.

खात्यावर होतं काय, तर दगड. बँकेत होतो तेव्हापासून रविवारी स्कूटर काढायची आणि रायगड, ठाणे, जमलं तर साताऱ्यापर्यंत जाऊन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), सतीशिळा, गधेगळ, पडक्या बारवा यांचे फोटो काढायचे हा माझा नाद. फोटो दोन हार्डडिस्कवर आहेत, ते गेले नाहीत. गेलं ते फोटोखालचं. रोहा तालुक्यातल्या एका वीरगळाखाली तिथल्याच एका मुलाने लिहिलं होतं, "आमची पणजी ह्याच दगडावर गोधड्या आपटायची. पालथा होता. विहिरीचा कठडा बांधताना उलटला तेव्हा खाली सूर्य-चंद्र दिसले." मग त्याच्या चुलत्याने लिहिलं की दगड आधी विहिरीजवळ नव्हताच, मारुतीच्या पाराशी होता, तिथून चौघांनी पहारीने लोटत आणला. ही माहिती मला कुठल्या गॅझेटियरमध्ये मिळणार? अशी शेकड्यांनी उत्तरं होती. मी मूर्खासारखा ती तिथेच ठेवली.

तर विचारायचंय: कुणाला खातं परत मिळालंय का? तक्रार करायची कुठे? आणि कारण सांगायचं काही बंधन या लोकांवर आहे की सगळी मोगलाई?

---

टवाळ | सकाळी ७:५८

मी पयला.

काका, वीरगळावर ढाल-तलवारी, पडलेले मुडदे, वर अप्सरा. यादवकाळातली मारामारी शेवटी आज रिपोर्ट झाली. हलके घ्या.

---

भटकी_मांजर | सकाळी ९:१२

दगडधोंडे काका, फार वाईट वाटलं. मी तुमचं खातं बघायचे हो. बारवांचे फोटो तर अप्रतिम.

माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी माझं पक्ष्यांच्या फोटोंचं खातं असंच गेलं. महिनाभर मी धनेश आणि तांबटात काय आक्षेपार्ह आहे ते शोधत होते! शेवटी लागलेला पत्ता असा: भाच्याने सुट्टीत माझ्या फोनवर स्वतःचं खातं उघडलं होतं. त्याच्या खात्यावरून कसल्या तरी गेमच्या नाण्यांची विक्री चालायची. त्याचं उडवलं, आणि एकाच फोनवरचं, एकाच नंबरला जोडलेलं म्हणून माझंही. म्हणजे पोस्ट तपासत बसू नका, खात्याला कोण कोण जोडलंय ते आधी बघा. फोन कुणाला दिला होता का?

आणि कृपा करून घाईघाईत त्याच नंबरावरून नवीन खातं काढू नका. मी काढलं. तेही गेलं.

---

टवाळ | सकाळी ९:२०

म्हणजे डुआयडी (एकाच माणसाची दोन खाती) तिकडेही चालत नाहीत. इथल्या काही जणांनी नोंद घ्यावी.

---

कायदेकानू | सकाळी ११:०५

मोगलाई नाही, कागदावर तरी नाही.

केंद्र सरकारचे माहिती तंत्रज्ञानाचे मध्यस्थांसाठीचे, म्हणजे अशा साइट-ॲप कंपन्यांसाठीचे, नियम फेब्रुवारी २०२१ मध्ये आले. त्यानुसार प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यायचा. तक्रार पोहोचल्याची पोच २४ तासांत, निवारण सध्या, म्हणजे २०२५ मध्ये, १५ दिवसांत. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर आणखी एक जबाबदारी आहे: नियमभंगाच्या कारणाने स्वतःहून मजकूर काढला किंवा पोहोच बंद केली तर आधी वापरकर्त्याला कळवायचं, कारण द्यायचं आणि म्हणणं मांडायची संधी द्यायची. काकांना आलेलं एक वाक्य यात बसतं का? माझ्या मते नाही. कंपनी म्हणेल बसतं.

ते निळं बटण म्हणजे ही तक्रार नव्हे, ही गल्लत बहुतेक लोक करतात. बटण हे कंपनीच्या घरचं. तक्रार अधिकाऱ्याला वेगळं लिहायचं, साइटच्या तळाशी बारीक अक्षरात असतो तो पत्ता. त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जायचं. २०२२ च्या ऑक्टोबरात नियमात दुरुस्ती झाली, जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या आणि त्या वर्षीच्या १ मार्चपासून त्यांचं पोर्टल चालू आहे. सगळं ऑनलाइन, दिल्लीला खेटे नाहीत. समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करायचा असं नियम म्हणतो. "प्रयत्न" हा शब्द लक्षात ठेवा.

काका, आजच लिहा. बटण दाबल्याचे स्क्रीनशॉट आहेत ना?

---

दगडधोंडे | दुपारी १२:३०

कायदेकानू, दंडवत. बँकेत तीस वर्षं ग्राहकांच्या तक्रारींवर "आपला अर्ज विचाराधीन आहे" लिहिलं, आता भोगतोय. स्क्रीनशॉट एक आहे, तोही तिरका. आज संध्याकाळी मसुदा लिहितो.

भटकी ताई, फोन कुणाला दिला नव्हता. नातू अजून पाळण्यात आहे.

---

अण्णा_सदाशिव | दुपारी २:४५

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये.

फुकट मिळालेल्या ओसरीवर बसायचं आणि मालकाने उठवलं की हक्क विचारायचा? नऊ वर्षांत त्या कंपनीला तुम्ही किती रुपये दिलेत? पाटी वाचली नव्हती, खाली "मान्य आहे" वर टिचकी मारली होती. गेल्याच महिन्यात एका डॉक्टरबाई व्हॉट्सॲप बंद झालं म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्तींनी विचारलं, व्हॉट्सॲप मिळणं हा मूलभूत हक्क कसा? आणि वर सुचवलं की आपलं देशी अरट्टाई आहे की, ते वापरा. विषय संपला.

ज्याला जपायचंय त्याने वहीत लिहावं.

---

सासवडची_सून | दुपारी ३:३०

अण्णा, तुमच्या ओसरीवर लोक पानसुपारी खाऊन जातात तेव्हा त्यांची जाहिरात कुणी विकत नाही हो. तिकडे आपल्या बसण्यावरच त्यांची कमाई आहे.

आता आमच्या सासूबाईंची गोष्ट ऐका. दिवाळीत त्या फराळ करून देतात. गेल्या वर्षी मी हौसेने दरपत्रक केलं: भाजणीची चकली, अनारसे, कडबोळी. मेसेजच्या एका ॲपवरून दोनेकशे जणांना एका दमात पाठवलं. त्यातल्या निम्म्यांनी आमचा नंबर साठवलेलाच नव्हता, कुणीतरी "स्पॅम" दाबलं असणार. वसुबारसेच्या आदल्या रात्री नंबर बंद! पिशव्यांवर तोच नंबर छापलेला, ऑर्डरी त्याच्यातच. कुणाला किती किलो काही आठवेना. सासूबाई शांत. म्हणाल्या, अनारशाचं पीठ भिजलंय, ते थांबणार नाही, तळायला घे. दोन दिवस लोक दारात येऊन आपली ऑर्डर स्वतःच सांगत होते. त्यात एकाने नक्की अर्धा किलोचे दीड किलो केले, पण पुरावा नाही 😄

तिसऱ्या दिवशी नंबर आपोआप चालू झाला. का बंद झाला, का चालू झाला, कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून सासूबाईंची वही आहे. म्हणजे अण्णांचा मुद्दा बरोबर, पण ते सांगायची रीत चूक.

---

कायदेकानू | दुपारी ४:१०

अण्णा, त्या याचिकेचं थोडं स्पष्ट करतो. ती राज्यघटनेच्या कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात होती आणि मागे घेतली गेली. इतर मार्ग त्यांना मोकळे ठेवले. कंपनीने कारण द्यायचं की नाही, हा प्रश्न तिथे सुटलेला नाही. "विषय संपला" म्हणणं घाईचं.

आणखी एक. सरकारच्या आदेशाने खातं अडवलं गेलं तर परिस्थिती याहून वाईट. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचे आदेश २००९ च्या नियमांनुसार गोपनीय असतात. ट्विटर त्याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं होतं, जून २०२३ मध्ये याचिका फेटाळली आणि कंपनीलाच ५० लाखांचा दंड बसला. काकांच्या दगडांमागे सरकार लागलं असेल असं वाटत नाही.

---

टवाळ | दुपारी ४:१५

शिलाहारांचं सरकार लागलं असेल.

---

पंत_जर्मनीकर | रात्री ९:५०

इकडची गंमत. युरोपात डिजिटल सेवांचा कायदा आहे, त्याच्या कलम १७ प्रमाणे खातं बंद करताना कारणांचं निवेदन द्यावंच लागतं: कुठला नियम मोडला, निर्णय यंत्राने घेतला का, दाद कुठे मागायची. मोठ्या कंपन्यांना ऑगस्ट २०२३ पासून, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पासून.

आमच्या मंडळाचं खातं गणपतीच्या आठवड्यात गेलं. निवेदन आलं, चार ओळी. तीन ओळी म्हणजे नुसता भुसा. एक ओळ कामाची: नियम "फसवी बक्षिसं व स्पॅम", आणि निर्णय स्वयंचलित. आम्ही डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, ढोलपथकातल्या चाळीस पोरांनी एकाच दहा मिनिटांत तेच पोस्टर टाकलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात "मोफत महाप्रसाद"! तसं लिहून पाठवलं, पंधरवड्यात खातं परत. ती एक ओळ नसती तर आम्ही मूर्तीच्या सोंडेवर चर्चा करत बसलो असतो.

कारण मिळालं म्हणून न्याय मिळतो असं नाही. पण भांडायचं कशाशी ते तरी कळतं.

---

निशाचर | १० नोव्हेंबर, रात्री १:२०

झोप येत नाही म्हणून पहिल्यापासून वाचलं. काका, तुम्ही सगळ्यांना वीरगळ सांगताय आणि मधल्या एका शब्दावरून अलगद पुढे जाताय. गधेगळ. बंद व्हायच्या आधी शेवटचं काय टाकलं होतंत?

---

दगडधोंडे | सकाळी ६:५५

अरे देवा.

ठाणे जिल्ह्यातला एक गधेगळ. सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला, खालचं शिल्प पहिल्यांदाच इतकं स्पष्ट आलं म्हणून मी मुद्दाम तेवढाच भाग जवळून टाकला होता.

---

सासवडची_सून | सकाळी ८:३०

गधेगळ म्हणजे काय? विचारू की नको?

---

निशाचर | सकाळी ८:५०

विचारा. शिलाहार राजांच्या काळापासूनचे दानाचे दगड. राजाने गाव किंवा जमीन दान दिली की दगड रोवायचा. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर दान टिकेल. मध्ये लेख. आणि खाली, हे दान जो मोडेल त्याच्या आईला उद्देशून एक शिवी, पण शब्दांत नाही, दगडात कोरलेली. गाढव आणि स्त्री. पुढचं समजून घ्या. वाचता न येणाऱ्यालाही दस्तऐवज कळावा अशी सोय.

आता ज्या यंत्राला शके ठाऊक नाही, दानपत्र ठाऊक नाही, त्याला हे चित्र काय दिसणार? तेही फक्त खालचा तुकडा, जवळून, उजेडात.

असंच एक प्रकरण गुजरातेत आहे. एका अभियंत्याने स्वतःचा लहानपणचा फोटो गुगल ड्राइव्हवर चढवला: दोन वर्षांचा असताना आजी अंघोळ घालतेय. एप्रिल २०२३ मध्ये बाललैंगिक शोषणाचा ठपका ठेवून गुगलने त्याचं खातं बंद केलं, ईमेलसकट. मार्च २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने गुगलला आणि सरकारला नोटीस काढली. आपल्याकडे प्रत्येक घरात आजीच्या पायांवर पालथं पडलेलं बाळ अल्बममध्ये असतं. म्हणजे सगळेच आरोपी.

---

कायदेकानू | सकाळी ९:३०

निशाचर, पटलं. २०१९ चं उदाहरण आठवलं: ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं. त्यांच्या पानावर वर लावलेला फोटो १९३६ चा, हॅम्बुर्गच्या गोदीतला. सगळी गर्दी नाझी सलाम करतेय आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा. म्हणजे फोटो नाझींच्या विरोधातला, ठपका मात्र द्वेष पसरवणाऱ्या चित्राचा. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते.

काका, मसुदा बदला. "माझी चूक काय" असं विचारू नका. हे शिल्प काय आहे, कुठल्या काळातलं, असे दगड संग्रहालयांतही मांडलेले असतात, एवढं चार वाक्यांत लिहा.

---

अण्णा_सदाशिव | सकाळी १०:१५

शिव्या कोरण्यात आपले पूर्वज वाकबगार होते हे वाचून अभिमानाने छाती फुगली.

अवांतर: मराठीतला पहिला शिलालेख श्रवणबेळगोळचा ना? श्रीचावुंडराजे करवियले?

---

निशाचर | सकाळी १०:४०

शाळेत तेच शिकलो. पण अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेला आहे आणि बरेच अभ्यासक आता तोच आधीचा मानतात. त्यावर वाद आहेत. इथे सुरू करू नका, धागा गेला.

---

भटकी_मांजर | सकाळी ११:००

गेलाच आहे धागा 😄

काका, जाता जाता एक. आता तुमच्या मेलवर "आम्ही खातं परत मिळवून देतो, २,५०० रुपये" असे निरोप येतील. माझ्याकडून तर एकाने पासवर्डच मागितला होता. एक रुपया देऊ नका. दिलेच, तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

---

खाते_रिकव्हरी_तज्ज्ञ | सकाळी ११:४०

*(प्रतिसाद संपादित. जाहिरात काढली, आयडी बंद केला. – संपादक मंडळ)*

---

टवाळ | सकाळी ११:४२

कारण सांगून आयडी बंद केला! संपादक मंडळ युरोपात गेलं.

---

अण्णा_सदाशिव | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दोन दिवस सासवडच्या सुनेचं वाक्य डोक्यात आहे, सांगायची रीत चूक म्हणून. तर सांगतो.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आधी सूचना देऊन, महिने हातात ठेवून. मी तिथल्या एका मराठी कवितांच्या गटात होतो. रोज रात्री कुणीतरी ओळ टाकायचं, दुसऱ्याने पुढची जुळवायची. आमच्यातले एक गृहस्थ पुढे वारले. त्यांच्या ओळी फक्त तिथेच होत्या. मला वेळ होता, उतरवून घेता आल्या असत्या. आज करू, उद्या करू. नाही केलं. त्यांच्या मुलीने नंतर विचारलं तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

म्हणून वही म्हणालो. तुमच्यावर डाफरायचं कारण नव्हतं, दगडधोंडे.

---

दगडधोंडे | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

अण्णा, अहो त्यात काय. मसुदा १० तारखेला पाठवला, पोच दुसऱ्या दिवशी आली. आता वाट बघणं.

---

पंत_जर्मनीकर | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

काका, काही कळलं का?

---

दगडधोंडे | २१ डिसेंबर, सकाळी ८:१५

उशीर झाला, माफ करा.

तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर चौदाव्या दिवशी आलं. पहिल्या सकाळचंच वाक्य, फक्त वर "प्रिय वापरकर्ता" आणि खाली आभार. गधेगळाच्या माझ्या चार वाक्यांचा उल्लेखही नाही. कायदेकानूंनी सांगितलं तसं २७ नोव्हेंबरला अपील समितीकडे गेलो. पोर्टलवर अर्ध्या तासात काम झालं, क्रमांक मिळाला. येत्या शनिवारी तीस दिवस होतील. अजून निकाल नाही.

दरम्यान निशाचरांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. हे गृहस्थ रात्री जागून माझ्या फोटोंखालची उत्तरं वाचायचे आणि आवडली की स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. त्रेसष्ट निघाले! गोधड्यांचा दगड त्यात आहे. चुलत्याची पहार मात्र नाही. म्हणून गेल्या रविवारी रोह्याला जाऊन त्यांनाच गाठलं. ते म्हणाले, चौघे नव्हते, सहा जण होते, आणि दोघांची नावंही दिली. दोनशे पानी वही घेतलीय, पहिली नोंद तीच.

---

सासवडची_सून | सकाळी ८:४०

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घाला, कोकणात ओल फार.

---

निशाचर | सकाळी ९:१०

४ जानेवारीच्या रविवारी अक्षीला कोण येतंय? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, पुढे अलिबागवरून रेवदंड्याच्या रस्त्याला. काका दाखवतील.

---

भटकी_मांजर | सकाळी ९:१५

मी. दुर्बीण आणते, किनाऱ्यावर पक्षीही होतील.

---

अण्णा_सदाशिव | सकाळी ९:५०

गुडघे बरे असले तर मीही. वही आणतो.

---

टवाळ | सकाळी १०:०२

काका, दगडासमोर मान डावीकडे, उजवीकडे वळवून दाखवावी लागेल का?

---

दगडधोंडे | सकाळी १०:२०

नको. फक्त बनियनवर येऊ नका, बोटीवर वारं असतं.